जुन्या गाडीचा टर्बो धूर मारतोय: खोलण्याआधी काय तपासायचं, खोलल्यावर काय करायचं

टर्बोवाली जुनी गाडी निळा धूर मारायला लागली की निकाल ठरलेला असतो: टर्बो गेला, बदलून टाका. नवा टर्बो बसतो, थोडे दिवस गाडी बरी चालते आणि धूर पुन्हा सुरू होतो. मग नव्या टर्बोला शिव्या. पण टर्बोतून ऑइल बाहेर पडतं तेव्हा बऱ्याचदा त्याचं कारण टर्बोच्या बाहेर असतं. तुंबलेली ड्रेन पाइप (टर्बोतलं ऑइल खाली उतरवणारी नळी), चोंदलेला ब्रीदर (इंजिनाच्या आतला वायू बाहेर सोडणारी वाट), झिजलेल्या पिस्टन रिंगा, डिपस्टिकच्या वरच्या खुणेपेक्षा जास्त भरलेलं ऑइल, यांपैकी काहीही चांगल्या टर्बोलाही ऑइल ओकायला लावू शकतं. म्हणून या लेखात तपासणीला जास्त जागा दिली आहे आणि खोलाखोलीला कमी.

टर्बो ऑइल का सोडतो

एका शाफ्टच्या एका टोकाला टर्बाइनचं चाक, दुसऱ्या टोकाला कॉम्प्रेसरचं. एक्झॉस्टचा वायू टर्बाइन फिरवतो, कॉम्प्रेसर हवा दाबून इंजिनाला देतो. शाफ्टचा वेग मिनिटाला एक लाख फेऱ्यांच्याही पुढे सहज जातो. जुन्या गाड्यांत तो बहुधा साध्या बुश बेअरिंगमध्ये, ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. ऑइल वरून दाबाने येतं, पण खाली परत जाताना त्याला पंप नसतो. फेसाळलेलं ऑइल केवळ स्वतःच्या वजनाने चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत, उतरतं.

टर्बोच्या ‘ऑइल सील’ला लोक रबरी सील समजतात. ती प्रत्यक्षात पिस्टन रिंगसारखी लोखंडी कडी असते. ती ऑइल पूर्णपणे अडवतच नाही. दोन्ही टोकांना वायूचा दाब जास्त आणि मधल्या घरात कमी असतो, त्यामुळे थोडा वायू आत शिरत राहतो आणि ऑइल बाहेर येत नाही. हा समतोल बिघडला की कडी नवी असो वा जुनी, ऑइल बाहेर येणारच. मोरीची नळी तुंबली की पाणी घरात शिरतं, तेव्हा उंबरा बदलून काय होणार? (कार्ब्युरेटर टर्बोच्या आधी बसवलेल्या फार जुन्या गाड्यांत कॉम्प्रेसरच्या बाजूला कार्बनची सील असते, कारण तिथे थ्रॉटल बंद असताना जोराची ओढ तयार होते. अशा टर्बोचं किट घेताना हा फरक विसरू नका.)

डिझेल गाडी असेल तर आधी हे वाचा

डिझेल इंजिन स्वतःचं इंजिन ऑइल जाळूनही चालू शकतं. टर्बोची कॉम्प्रेसर बाजू जोरात ऑइल सोडायला लागली किंवा इंटरकूलरमध्ये (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीत) साचलेलं ऑइल एकदम ओढलं गेलं, तर इंजिन आपोआप रेस घेतं आणि चावी काढली तरी बंद होत नाही. मॅन्युअल गिअरची गाडी असेल तर ब्रेक पूर्ण दाबून, वरचा गिअर टाकून क्लच सोडा, इंजिन गुदमरून बंद पडेल. ऑटोमॅटिकमध्ये हा उपाय चालत नाही. तिथे हवा तोडणं हाच मार्ग, म्हणजे इनटेकच्या तोंडावर सपाट, मजबूत फळी दाबणं. हात किंवा फडकं कधीही लावू नका. आणि इंजिन आधीच किंचाळत असेल तर गाडीपासून लांब व्हा, इंजिन गेलं तर जाऊ द्या.

म्हणून जिचा इंटरकूलर ऑइलने भरलेला असण्याची शंका आहे, ती डिझेल गाडी ‘जरा धूर पाहू’ म्हणून रेस करू नये. आधी खालचा होज काढून ऑइल रिकामं करा. बाकीची पथ्यं नेहमीची: चाचणी मोकळ्या हवेत, गाडीखाली जायचं तर स्टँडवर, आणि टर्बोला हात लावायचा तर इंजिन पूर्ण थंड झाल्यावर.

धुराचा रंग, आणि त्याहून महत्त्वाची त्याची वेळ

काळा धूर म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी. इंटरकूलरचा होज फाटला असेल, क्लिप सैल असेल, एअर फिल्टर चोंदला असेल, वेस्टगेट (जादा वायू टर्बाइनला वळसा घालून सोडणारी झडप) अडकला असेल. व्हेरिएबल टर्बोत टर्बाइनभोवतीच्या हलत्या पाकळ्यांवर काजळी बसून त्या अडकल्या तरी हेच होतं. गाडी पिकअप घेत नाही आणि काळा धूर आहे, तर ऑइलच्या मागे लागू नका, होज तपासा. फाटलेला होज थांबलेल्या इंजिनावर पुष्कळदा शाबूत दिसतो आणि दाबाखालीच उघडतो, म्हणून खालची बाजू हाताने पिळून पाहावी.

पांढरा धूर दोन प्रकारचा. गोडसर वास आणि कूलंट कमी होत असेल तर कूलंट जळतंय, बहुधा हेड गॅस्केटमधून, क्वचित टर्बोच्या वॉटर जॅकेटला तडा जाऊन. डिझेल गाडीत थंडपणी पांढरा, डोळे चुरचुरवणारा धूर आला तर ते न जळलेलं डिझेल. ग्लो प्लग आणि इंजेक्टरकडे पाहा.

निळा किंवा निळसर करडा धूर म्हणजे ऑइल. तो कधी येतो ते नीट टिपून ठेवा, इथेच निम्मं निदान होतं. रात्रभर उभी गाडी सुरू करताना एक भपका आणि मग काही नाही, तर संशय व्हॉल्व्हच्या ऑइल सीलवर. पेट्रोल गाडीत उतारावर ॲक्सलरेटर सोडून गिअरमध्ये गाडी उतरवली आणि पुन्हा दाबल्यावर निळा ढग आला, तरी व्हॉल्व्ह सील आणि गाइड. (डिझेलमध्ये ही परीक्षा फारशी कामाची नाही, तिथे इनटेकमध्ये तशी ओढ नसते.) चढावर, बूस्ट (टर्बोने दाबलेल्या हवेचा दाब) असताना सतत धूर असेल तर रिंगा किंवा टर्बोची कॉम्प्रेसर बाजू. आणि गरम इंजिन पाच-दहा मिनिटं आयडलवर ठेवल्यावर हळूहळू धूर वाढत गेला, रेस दिल्यावर मोठा लोट निघाला, तर टर्बाइन बाजूने ऑइल झिरपतंय किंवा ड्रेनला अडथळा आहे. टर्बाइन बाजूचं ऑइल सिलिंडरमध्ये जातच नाही, थेट तापलेल्या एक्झॉस्टमध्ये पडून वाफाळतं. म्हणून धूर दाट, पांढऱ्याकडे झुकणारा आणि उग्र वासाचा असतो, पण गाडीची ताकद मात्र फारशी कमी होत नाही.

काहीही न खोलता करायच्या तपासण्या

सपाट जागेवर गाडी उभी करून डिपस्टिक पाहा. ऑइल वरच्या खुणेच्या वर असेल तर आधी ते काढा. पातळी वाढली की ड्रेन पाइपचं तोंड ऑइलखाली जाऊ शकतं, मग टर्बोतलं ऑइल उतरणार कुठे? ऑइलला डिझेलचा किंवा पेट्रोलचा वास येत असेल तर पातळी आपोआप का वाढली याचं उत्तरही मिळालं.

एअर फिल्टर काढून पाहा. चोंदलेला फिल्टर कॉम्प्रेसरच्या तोंडाशी ओढ निर्माण करतो आणि सीलमधून ऑइल बाहेर खेचतो. टर्बो बदलण्याआधी फिल्टर बदलायचं कुणाच्या मनातही येत नाही, याचं मला अजूनही नवल वाटतं.

त्यानंतर ब्रीदर. सगळ्यांत जास्त टर्बो फुकट बदलले जातात ते या एका तपासणीच्या अभावी. इंजिन गरम करून आयडलवर ऑइल भरायचं झाकण सैल करा आणि नुसतं तोंडावर ठेवा. झाकण किंचित थरथरलं तर हरकत नाही. ते उड्या मारत असेल, तोंडातून भकाभका वाफ येत असेल, तर चेंबरमध्ये दाब साचतोय. अचूक मोजायचं असेल तर डिपस्टिकच्या नळीवर पारदर्शक ट्यूब लावा, तिचा इंग्रजी यू आकाराचा बाक करून त्यात पाणी भरा आणि दोन्ही बाजूंच्या पातळीतला फरक मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून पाहा.

दाब आहे असं दिसलं तर ब्रीदरची नळी काढून बाटलीत सोडा, इनटेककडचं तोंड नीट बंद करा आणि गाडी पुन्हा तपासा. दाब उतरला आणि धूर कमी झाला, तर ब्रीदर, त्याचा व्हॉल्व्ह किंवा ऑइल वेगळं करणारा डबा चोंदलाय. तो साफ करा किंवा बदला, टर्बोला हात लावू नका. ब्रीदर मोकळा करूनही बाटलीत जोराचा वायू येत राहिला तर रिंगा झिजल्या आहेत. तिथे कॉम्प्रेशन आणि लीकडाउन टेस्ट (सिलिंडरमध्ये हवा भरून ती किती गळते ते पाहणं) करून खात्री करा. अशा इंजिनावर नवा टर्बो बसवणं म्हणजे पैसे जाळणं.

पेट्रोल गाडीचे स्पार्क प्लगही काढून रांगेत ठेवा. एकाच सिलिंडरचा प्लग ऑइलने ओला आणि बाकीचे कोरडे असतील तर दोष त्या सिलिंडरचा. टर्बोचं ऑइल साधारण सगळ्यांना वाटलं जातं.

निवाडा: ऑइल नेमकं कुठून सुरू होतं

आता पाना हातात घ्या. आधी एअर फिल्टर ते टर्बो हा होज काढा. कॉम्प्रेसरच्या आधीच ऑइल असेल तर ते ब्रीदरमधून आलंय, टर्बोचा त्यात काही हात नाही. आतून ऑइलचा पातळ ओलसर थर जवळपास प्रत्येक जुन्या गाडीत दिसतो, त्याने घाबरू नका. कॉम्प्रेसरच्या आधी कोरडं आणि नंतरच्या होजमध्ये, इंटरकूलरमध्ये ऑइलचं तळं, असं असेल तर कॉम्प्रेसर बाजूची सील ऑइल सोडतेय.

एक्झॉस्ट बाजूला हीच पद्धत. टर्बाइननंतरची डाउनपाइप सोडवा आणि टॉर्चने आत पाहा. टर्बाइनचं चाक आणि बाहेर पडायचा मार्ग ओला, काळा, चिकट आहे का? असेल तर अजून एक पाऊल: टर्बोच्या आधी, म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये पाहा. लवचीक बोअरस्कोप कॅमेरा असेल तर ऑक्सिजन सेन्सरच्या किंवा इजीआरच्या (एक्झॉस्टचा थोडा वायू इनटेकमध्ये परत नेणाऱ्या वाटेच्या) भोकातून दिसतं, नाहीतर टर्बो उतरवताना पाहावं लागतं. मॅनिफोल्ड कोरडा, करड्या-तपकिरी रंगाचा आणि टर्बाइनच्या पुढे ओलं, तर ऑइल टर्बोमधूनच येतंय. मॅनिफोल्डच ओला असेल तर ऑइल इंजिन जाळतंय आणि टर्बो बिचारा ते पुढे ढकलतोय. हा एक फरक पाहिला तर चुकीचा खर्च टळतो.

डाउनपाइप सैल आहेच तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चोंदलाय का तेही पाहून घ्या. बरेच दिवस ऑइल प्यायलेला कन्व्हर्टर जाम होतो आणि टर्बाइनमागे दाब वाढवतो. टर्बोनंतरच्या ऑक्सिजन सेन्सरच्या जागी गेज लावून २,५०० आरपीएमला दाब मोजा. तो साधारण ०.२ बारच्या वर असेल तर अडथळा आहे असं समजा.

शाफ्टचा प्ले

कॉम्प्रेसरचा नट बोटांत धरून शाफ्ट हलवा. इंजिन थंड हवं. आडवा प्ले, म्हणजे ढिलाई, थोडा जाणवणारच, कारण बुश बेअरिंगमध्ये ऑइलच्या थरासाठी जागा ठेवलेली असते आणि थांबलेल्या टर्बोत तो थर नसतो. ‘शाफ्ट हलतोय’ एवढ्यावर टर्बो बाद करू नका. शाफ्ट एका बाजूला दाबून धरा आणि फिरवा. पाती घराला घासली किंवा घराच्या भिंतीवर चकचकीत ओरखडे दिसले तर बेअरिंग संपलं. चारही बाजूंना दाबून हे करा. बॉल बेअरिंगच्या टर्बोत मात्र असा आडवा प्ले बहुधा कमी असतो.

आत-बाहेरचा प्ले जास्त बोलका. तो बोटाला जेमतेम जाणवावा. डायल गेजवर बहुतेक छोट्या टर्बोंत ०.०२५ ते ०.१ मिमीच्या दरम्यान येतो. ‘टक-टक’ असा स्पष्ट आवाज येत असेल तर थ्रस्ट बेअरिंग झिजलंय. पात्यांच्या कडाही पाहा. वाकलेल्या, कुरतडलेल्या कडा म्हणजे आत काहीतरी गेलंय. कडा बारीक रेतीने घासल्यासारख्या असतील तर फिल्टरच्या बाजूने धूळ येतेय.

प्ले ठीक, पाती शाबूत, ब्रीदर साफ, तरीही टर्बाइन ओलं? मग टर्बो न उतरवता ड्रेन पाइप काढून पाहा. जुन्या गाडीत तिच्या आतल्या भिंतीवर कार्बन धरलेला असतो, किंवा रबरी होजचा आतला थर सुटून झडपेसारखा लोंबत असतो. बाहेरून काहीच कळत नाही.

टर्बो उतरवताना

सगळ्यांत मोठा शत्रू म्हणजे गंजलेले स्टड. आदल्या दिवशीच पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवा, जमलं तर दोनदा. नट हलत नसेल तर जोर वाढवण्याऐवजी नटाला उष्णता द्या. पण त्याआधी आजूबाजूचं इंधन, ऑइल आणि पेनिट्रेटिंग ऑइलचे उरलेले थेंब पुसून काढा.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, कूलंटच्या पाइप असतील तर कूलंट उतरवा. हीट शील्ड, हवेचे होज, ऑइलची फीड पाइप (टर्बोला ऑइल पुरवणारी), कूलंट पाइप, ॲक्चुएटरची (वेस्टगेट किंवा पाकळ्या हलवणाऱ्या भागाची) नळी किंवा प्लग, डाउनपाइप, ड्रेन आणि शेवटी मॅनिफोल्डचे नट, असा क्रम बहुतेक गाड्यांत चालतो. उघडं पडलेलं प्रत्येक तोंड लगेच बंद करा, कारण इनटेकमध्ये पडलेला एक वॉशर नवा टर्बो पहिल्याच मिनिटाला संपवतो. व्हेरिएबल टर्बोवर रंगाने सील केलेला स्टॉप स्क्रू असतो. तो कारखान्यात फ्लो बेंचवर, म्हणजे हवेचा प्रवाह मोजणाऱ्या यंत्रावर, लावलेला असतो, त्याला हात लावू नका.

किट, कार्ट्रिज की नवा

टर्बाइनचं आणि कॉम्प्रेसरचं घर शाबूत असेल तर बॅलन्स केलेली कार्ट्रिज, म्हणजे शाफ्ट, चाकं आणि बेअरिंग असलेला मधला तयार भाग, हा घरी काम करणाऱ्यासाठी मला सगळ्यांत शहाणपणाचा मार्ग वाटतो. वेस्टगेटच्या भोकाजवळच्या केसाएवढ्या भेगा जुन्या घरांत सर्रास असतात आणि चालतात. बाहेरपर्यंत गेलेली भेग असेल तर घर बदलावं लागतं.

रिपेअर किट, म्हणजे बदलायचे सुटे भाग, स्वस्त पडतं, पण त्यासाठी हात बसलेला हवा. खोलण्याआधी नट, कॉम्प्रेसरचं चाक आणि शाफ्ट यांवर एका रेषेत खूण करा आणि जोडताना ती जुळवा. पुष्कळ टर्बोंत कॉम्प्रेसरचा नट उलट्या आट्यांचा असतो. तो सोडताना टर्बाइनच्या टोकाचा षटकोन पकडा आणि पाना सरळ रेषेत फिरवा, आडवा जोर आला तर शाफ्ट वाकतो. शाफ्टचा बेअरिंगचा भाग नखाला लागेल इतका ओरबाडला असेल, किंवा सीलची कडी जिथे बसते त्या भोकात पायरी पडली असेल, तर नवी कडीही ऑइल अडवणार नाही. तिथे किटचा नाद सोडा. घर सँडब्लास्ट करू नका, रेतीचा कण ऑइलच्या वाटेत राहतो. आणि बॅलन्सिंग मशीनवर चढवल्याशिवाय टर्बो बसवू नये, हे माझं ठाम मत आहे.

बसवण्याआधी

फीड पाइप नवीच घाला. जुनी आतून कार्बनने अरुंद झालेली असते आणि धुऊन ती खात्रीने साफ होत नाही. काही इंजिनांत बँजो बोल्टमध्ये (फीड पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टमध्ये) बारीक जाळी असते. फोर्ड आणि पीएसए (प्यूजो-सिट्रोएन) यांच्या १.६ लिटर डिझेल इंजिनात तीच चोंदून टर्बो उपाशी मरायचे. अशा इंजिनात चेंबर उतरवून ऑइल पंपाची जाळीही साफ करावी लागते, नाहीतर नवा टर्बोही त्याच वाटेने जातो.

ड्रेन उभ्या रेषेपासून साधारण ३५ अंशांच्या आत, कुठेही बाक किंवा खोलगट न पडता उतरली पाहिजे. ऑइलच्या पॅकिंगना सिलिकॉन सीलंट लावू नका, तुटलेला तुकडा नेमका बेअरिंगच्या भोकात जाऊन बसतो. तांब्याचे वॉशर नवे. इंटरकूलर उतरवून सॉल्व्हंटने धुवा आणि पूर्ण वाळवा. पाती तुटली असतील तर धातूचे कण राहतात, तेव्हा इंटरकूलर बदललेला बरा. ऑइल आणि फिल्टर अर्थातच नवे, मॅन्युअलमध्ये सांगितलेल्याच ग्रेडचे.

पहिल्यांदा सुरू करताना

इग्निशन किंवा इंजेक्टर बंद करा, फीड पाइपचं टर्बोकडचं टोक बाटलीत सोडा आणि स्टार्टर मारा. ऑइल थेंबथेंब नव्हे, धारेने यायला हवं. मग टर्बोच्या फीडच्या भोकात ताजं ऑइल ओता, चाक हाताने फिरवा आणि पाइप जोडा. इंजिन सुरू न होऊ देता पुन्हा स्टार्टर मारा, ऑइल प्रेशरचा दिवा विझेपर्यंत. स्टार्टर सलग दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त फिरवू नका, मध्ये थांबू द्या.

आता इंजिन सुरू करा आणि तीन ते पाच मिनिटं आयडलवरच ठेवा. रेस द्यायचा मोह आवरा. प्रत्येक जोडाखाली टॉर्च मारून गळती पाहा.

धूर लगेच थांबणार नाही. सायलेन्सरमध्ये आणि कन्व्हर्टरमध्ये साचलेलं जुनं ऑइल जळून जायला वेळ लागतो, इंजिनावर जरा भार देऊन तीस-चाळीस किलोमीटर गाडी चालवावी लागते. धूर दर काही किलोमीटरला कमी होतोय ना, एवढंच पाहायचं. तो तसाच राहिला तर टर्बोवर आळ घेण्याआधी ड्रेन आणि ब्रीदर पुन्हा तपासा.

नट पहिल्या गरम-थंड चक्रानंतर मॅन्युअलप्रमाणे पुन्हा तपासा. पहिले हजार किलोमीटर ऑइलची पातळी आठवड्याला पाहा आणि हजाराच्या आसपास ऑइल व फिल्टर पुन्हा बदला. टर्बो मोडताना झालेले धातूचे बारीक कण पहिल्या बदलात पूर्ण निघत नाहीत. गाडी जोरात पळवून आणल्यावर मिनिट-दोन मिनिटं आयडलवर ठेवून मगच चावी फिरवा, विशेषतः टर्बोला पाण्याचं कूलिंग नसेल तर. फीड पाइपमधला कार्बन अशा गरम गरम बंद करण्यानेच तयार होतो. त्या हजार किलोमीटरच्या ऑइल बदलाला इंटरकूलरचा खालचा होजही एकदा काढून पाहा. आतला ओलसर थर चालेल, पण ऑइल साचलेलं दिसलं तर ब्रीदरपासून पुन्हा सुरुवात करा.